देवखोलची लाट

“काका, खाटेवरून उठताय का? झटक्यात उठायचं. परत.”

प्रणाली मेतर हे सांगत होती तेव्हा मी गुडघाभर पाण्यात ओणवा होतो. नाकातून खारं पाणी गळत होतं. पायाला दोरीनं बांधलेली निळी फळी लाटेबरोबर किनाऱ्याकडे पळायला बघत होती आणि दर हिसक्याला मला आडवा करत होती. मी एकोणपन्नास वर्षांचा, पोट सुटलेला, एस.टी.चा ड्रायव्हर. ती चोवीस वर्षांची, मच्छीमाराची मुलगी. हिवाळ्यात पर्यटक यायचे, त्यांना ती लाटेवर फळी घालून उभं राहायला शिकवायची.

“परत म्हणजे किती वेळा?” मी विचारलं.

“उभे राहीपर्यंत.”

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर नुकता लागला होता. तालुक्याच्या डेपोतून संध्याकाळी सुटणारी देवखोलची मुक्कामाची गाडी माझ्याकडे होती. सात वाजता गावात पोचायचं, ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत झोपायचं, सकाळी नऊला गाडी परत काढायची. दिवसाआड हा फेरा. कंडक्टर दळवी मॅडम, कुडाळच्या. त्यांची सोय सरपंचबाईंच्या घरी. डेपोत आमची पाळी फेब्रुवारीअखेरपर्यंत लागली होती, मार्चपासून दुसरी जोडी येणार होती.

मी मूळचा आटपाडीचा. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं. पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर. पण देवखोलला सकाळी लवकर जाग यायची, चहाची टपरी उघडेपर्यंत करायचं काय, म्हणून मी पुळणीच्या वाळूवर जाऊन बसायचो. तिथं ही मुलगी पुण्या-बेळगावच्या पोरांना शिकवताना दिसायची. लाट उभी राहायची, फळीचं तोंड खाली व्हायचं, आणि पोरं त्या उतारावरून घसरत यायची. ते बघताना भीती वाटायची. तरी मी रोज बघायचो.

एक दिवस प्रणालीच आली. “काका, पोहता येतं का?”

“विहिरीत येतं.”

“मग या. विहिरीपेक्षा इथं कडेला यायला सोपं.”

मी लोकांना सांगितलं की डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलाय, साखर वाढलीय. साखर खरंच वाढली होती, त्यामुळे सांगायला जड गेलं नाही. दळवी मॅडमना मात्र ते रुचलं नाही.

“खिलारेभाऊ, ड्युटीवर हातपाय मोडलात तर गाडी मी चालवू काय?”

“ड्युटी नऊला सुरू होते मॅडम. पावणेआठला मी पाण्याबाहेर.”

“बघा हां,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खेपेला घरून तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. “गुडघ्यांना लावा. अंधश्रद्धा म्हणा हवं तर, पण लावा.”

नोव्हेंबरभर मी पडलो. उजवीकडे पडलो, डावीकडे पडलो, फळीवर छाती आपटून पडलो. प्रणाली मला लांब जाऊच द्यायची नाही. लाट फुटल्यावर जो पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो, त्या फेसावरच सराव. पोटावर झोपायचं, फेस मागून आला की दोन्ही हात छातीखाली टेकून एका झटक्यात पाय पुढे घ्यायचे. सांगायला दोन ओळी, करायला महिना गेला. मुक्कामाच्या खोलीत मी फरशीवर खडूनं फळीएवढी चौकट आखली होती. संध्याकाळी गाडी लावली, हातपाय धुतले, की जेवणाआधी पन्नास वेळा त्या चौकटीत पोटावर पडायचो नि उठायचो. एकदा ग्रामपंचायतीचा शिपाई दारात येऊन थांबला, माझं झाल्यावर म्हणाला, “नमाज म्हणावा तर तोंड पश्चिमेला नाही.”

प्रणालीचे वडील बाबी मेतर रोज सकाळी होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. माणूस साठीचा, बोलणं कमी, पण बोललं की लागायचं.

“ड्रायव्हरानू,” ते तिथूनच म्हणायचे, “समुद्राक गिअर नसता.”

“बाबा, तू गप रव,” प्रणाली म्हणायची.

डिसेंबरात एक दिवस मी उठलो आणि पडलो नाही. फेस मला ढकलत थेट वाळूपर्यंत घेऊन गेला. फळीचं नाक वाळूत रुतलं तेव्हा मी उभाच होतो, दोन्ही हात पसरलेले, खाली कसं उतरायचं हे कळत नव्हतं. बाबी मेतरांनी सुई थांबवली, पाहिलं, पुन्हा सुई चालू केली. मला तेवढं पुरेसं होतं. त्यानंतर दहापैकी सात वेळा मी उभा राहू लागलो. थंडी पडली होती. पहाटे हवा बोचायची आणि पाणी अंगाला कोमट लागायचं. पट्ट्याचं एक भोक कमी झालं. प्रणाली म्हणाली, “आता बाहेर जाऊ.”

बाहेर म्हणजे लाट फुटायच्या आधीची जागा. तिथं फेस नसतो. काळपट हिरवं पाणी फुगत येतं, उंच होतं, आणि फुटायच्या क्षणी तिच्या पोटाशी एक उतार तयार होतो. त्या उतारावर फळी घालायची. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो, तो लाटेचं तोंड धरून ठेवतो, तिला लवकर फुटू देत नाही. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी. प्रणाली म्हणायची, शिकायचं तर हेच चार महिने.

जानेवारीचा पूर्ण महिना मी तिथं आपटलो. फेसावर उभा राहणारा माणूस हिरव्या लाटेवर एकदाही उभा राहिला नाही. हात मारत लाट पकडायचो, फळी उचलली जायची, नाक खाली व्हायचं, आणि पुढच्या क्षणी मी पाण्याखाली गरगरत असायचो. किती वेळा, त्याचा हिशोब सोडून दिला. प्रणाली सगळं तपासून बघायची. फळीवर मागं सरकून झोपा. सरकलो. हात जोरात मारा. मारले. लवकर उठा. उठायची वेळच येत नव्हती.

“तुमचं शरीर सगळं बरोबर करतं,” ती एकदा वैतागून म्हणाली. “शेवटच्या अर्ध्या सेकंदात काय होतं तेच मला दिसत नाही. मी नेहमी मागे असते.”

दुसऱ्या खेपेला तिनं मोबाईल प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बापाच्या हातात दिला, आणि त्यांना कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. बाबी मेतर कुरकुरले, पण उभे राहिले. मी पाच लाटांवर गेलो नि पाच वेळा आपटलो. मग आम्ही होडीपाशी बसून ते बघितलं. उन्हात पडदा नीट दिसेना म्हणून प्रणालीनं डोक्यावरून टॉवेल घेतला आणि आम्ही दोघं त्याच्या आत डोकी घालून बसलो.

पहिल्या लाटेवर मी येताना दिसलो. फळीचं नाक खाली झुकलं. आणि मी दोन्ही हात फळीवरून काढून तोंडावर घेतले. लहान मूल घाबरल्यावर घेतं तसे, तळवे डोळ्यांवर.

दुसऱ्या लाटेवर तेच. तिसऱ्यावर तेच. पाचही लाटांवर.

“काका,” प्रणाली हळू म्हणाली, “हे तुम्हाला माहीत होतं?”

मी टॉवेलातून बाहेर आलो. बाबी मेतर माझ्याकडे बघत होते. ते उठले, “चाय सांगतंय,” एवढं म्हणून टपरीकडे गेले.

मग मी त्या मुलीला ते सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं, डेपोत सांगितलं नव्हतं.

त्याच्या दोन वर्षं आधी मी कोल्हापूरची गाडी चालवायचो. आषाढातली दुपार, करूळ घाट उतरत होतो. धुकं इतकं की वायपरच्या पलीकडे पांढरा पडदा. गाडीत अडतीस माणसं. एका वळणावर धुक्यातून एक ट्रक माझ्या बाजूनं वर आला. मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, समोर कठडा, कठड्यापलीकडे काही नाही. गाडीचं डावं चाक कठड्यावर चढलं आणि तिथंच अडकून गाडी थांबली. मागच्या दारानं सगळी माणसं उतरली. कुणाला खरचटलंही नाही. पेपरात फोटो आला, प्रसंगावधान राखून अडतीस प्राण वाचवले. डेपोत शाल, नारळ, टाळ्या.

“मग?” प्रणाली म्हणाली.

“मी काही वाचवलं नाही. समोर कठडा दिसला आणि मी हात सोडले. तोंड झाकून घेतलं. पाय ब्रेकवर राहिला तो भीतीनं कडक झाला म्हणून. गाडी थांबवली ती त्या कठड्यानं. माझे हात स्टिअरिंगवर नव्हतेच.”

तिनं मोबाईल बंद करून बाजूला ठेवला.

“त्यानंतर पाठदुखीचं सर्टिफिकेट दिलं आणि सपाटीचा मार्ग मागून घेतला. गावाला जायचं तर घाट चढावा लागतोच. प्रवासी म्हणून जातो, शेवटच्या सीटवर, डोळे मिटून. दळवी मॅडमच होत्या त्या गाडीवर. पण त्या मागं दाराकडं होत्या. कुणीच बघितलं नाही.”

प्रणालीनं वाळूत बोटानं रेघा मारल्या. मला वाटलं, आता ही समजूत घालणार. तसं काही झालं नाही.

“परवा याल तेव्हा फळी नको,” ती म्हणाली. “नुसते या.”

पुढच्या खेपेला तिनं मला छातीएवढ्या पाण्यात नेलं, जिथं लाटा फुटतात तिथं. “हात पाठीमागे बांधा. बोटांत बोटं. डोळे उघडे. लाट तोंडावर येऊ दे.”

“डोळ्यांत खारं पाणी जाईल.”

“जाईल. झोंबेल. मग थांबेल.”

पहिली लाट आली आणि बोटं आपोआप सुटली, हात तोंडावर. दुसरी आली, तेच. मी हात बांधायचो, शरीर ते सोडवायचं, मला विचारतसुद्धा नव्हतं. प्रणाली शेजारी तशीच उभी, हात पाठीमागे. तिच्याही तोंडावर लाटा आपटत होत्या आणि ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. त्या सकाळी तिनं चाळीस लाटा खाल्ल्या असतील, फक्त माझ्या सोबतीला.

होडीपासून आवाज आला. “ड्रायव्हरानू, शाळेत शिक्षा झाली काय तुमका?”

असे तीन आठवडे. दिवसाआड पाऊण तास. दळवी मॅडमना माझे लाल डोळे दिसायचे, त्या गाडीत बसल्यावर गुलाबपाण्याची बाटली पुढे करायच्या. पहिल्या आठवड्यात एकही लाट हात बांधून निभावली नाही. दुसऱ्या आठवड्यात एक निभावली. मग कशी कोण जाणे, एका सकाळी एकापाठोपाठ सहा लाटा आल्या आणि गेल्या, आणि मला नंतर लक्षात आलं की बोटं बांधलेलीच आहेत. लाट फुटायच्या आधी तिच्या माथ्यावर उन्हाची एक पातळ पट्टी चमकते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. इतके दिवस ती माझ्यासमोरच चमकत होती.

पण फळीवर पुन्हा जायला दिवस उरले नव्हते. मध्ये समुद्र सपाट पडला, आठवडाभर कढईतल्या पाण्यासारखा. माझी देवखोलची शेवटची खेप सत्तावीस फेब्रुवारीची मुक्कामाची. अठ्ठावीसला सकाळी नऊला गाडी निघाली की संपलं.

त्या पहाटे मी खोलीत जागा झालो तो आवाजानं. रोजच्या लाटांचा आवाज नव्हता, जडसर, मध्ये मध्ये थांबून येणारा. पुळणीवर गेलो तर बाबी मेतर जाळं खाली ठेवून उभे होते.

“दोन दिस उत्तरेचो वारो आसा,” ते म्हणाले. “आज दर्याक जोर आसा.”

लाटा माझ्या छातीपेक्षा उंच होत्या. प्रणाली पर्यटकांना घेऊन आली होती, त्यांना तिनं वाळूवरच बसवून ठेवलं. ती माझ्याकडे वळली. “काका, हिवाळाभरात एवढी लाट आली नव्हती. आज नाही गेलात तर मला काही वाटणार नाही.”

“मला वाटेल,” मी म्हणालो.

ती पाच मिनिटं समुद्र बघत राहिली. मग तिनं माझ्या पायाची दोरी स्वतः ओढून तपासली. “चला.”

बाहेर जाईपर्यंतच दम निघाला. फेसाच्या तीन भिंती अंगावर घेऊन आम्ही पलीकडे पोचलो आणि फळ्यांवर बसलो. तिथून गाव लहान दिसत होतं. पिंपळाखाली माझी लाल गाडी दिसत होती. मतलई वारा तोंडावर थंड लागत होता. किनाऱ्यावरून बाबी मेतरांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक घातली, “पयली सोडा. दुसरी सोडा. तिसरी घेवा.”

पहिली आमच्याखालून गेली. दुसरी गेली, जरा मोठी. मी पोटावर झालो. मागं बघितलं तर तिसरी येत होती, सबंध खाडीच्या तोंडाएवढी रुंद, गुळगुळीत.

“हात मारा,” प्रणाली म्हणाली. “आता मारा.”

मी मारले. फळी मागून उचलली गेली, वर, आणखी वर, आणि मग नाक खाली झालं. खाली किती उतार आहे ते मला दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. आणि हात सुटायला लागल्याची तीच ओळखीची जाणीव. मी हात दाबले. बोटांनी फळीच्या कडा धरल्या आणि डोळे उघडे ठेवले. पाणी तोंडावर आलं, झोंबलं, गेलं. आणि हातांनी फळी खाली ढकलली, पाय पुढे आले, खडूच्या चौकटीत हजारो वेळा आले होते तसे.

मी उभा होतो.

फळी उतारावरून खाली जाऊन आपोआप वळली आणि लाटेच्या अंगाअंगानं पळायला लागली. डावीकडे हिरवी भिंत, माझ्या खांद्याएवढी. हात लावला तर लागेल इतकी जवळ. मी लावला. पाणी बोटांतून रेषा काढत मागे गेलं. पाठीमागे लाट फुटत येत असल्याचा गडगडाट, पुढे सगळं शांत, सपाट, सोनेरी. किती वेळ ते सांगता येणार नाही. प्रणाली नंतर म्हणाली अठरा-वीस सेकंद. होडी गेली, टपरी गेली, सुरूचं बन सुरू झालं आणि मी अजून उभाच. लाट लहान होत होत पायाखाली विरघळली तेव्हा गुडघाभर पाणी होतं. मी फळीवरून खाली उतरलो, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उतरावं तसा.

मग मात्र मी पाण्यात बसलो आणि रडलो. लांब बाहेर प्रणाली फळीवर बसलेली होती, दोन्ही हात डोक्यावर उंच धरून, नुसती तशीच. वाळूवरचे पर्यटक टाळ्या वाजवत होते. त्यांना काही माहीत नव्हतं, तरी त्या टाळ्या मी सगळ्याच्या सगळ्या घेतल्या.

बाबी मेतर पाण्यातून चालत आले. माझ्या दंडाला धरून उठवलं, फळी स्वतःच्या काखेत घेतली आणि म्हणाले, “परत जावा. अजून पाऊण तास आसा.”

मी परत गेलो. आणखी दोन लाटा मिळाल्या. एकीवर पडलो, पण हात जिथल्या तिथं होते.

नऊला गाडी काढायची म्हणून मी ओल्या केसांनी केबिनमध्ये चढलो. प्रवासी अजून पिंपळाखालीच उभे होते. दळवी मॅडम तिकिटाचं मशीन लावत होत्या. मी त्यांना पुढे बोलावलं आणि सांगितलं. घाट, कठडा, हात, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

“खिलारेभाऊ,” त्या म्हणाल्या, “मी मागे नव्हते. एक म्हातारी ओकायला लागली होती, तिला पिशवी द्यायला पुढे आले होते. तुमच्या पाठीशीच होते.”

“म्हणजे तुम्ही बघितलंत.”

“बघितलं.”

“मग सत्काराला टाळ्या का वाजवल्यात?”

“त्याआधी तेवीस वर्षं तुम्ही गाडी चालवलीत. त्याच्या वाजवल्या. त्या कुणी वाजवल्याच नव्हत्या.” त्यांनी मशीनमधून पहिलं तिकीट काढून बघितलं. “आता गाडी सुरू करा. नऊ वाजले.”

त्याच आठवड्यात मी डेपोत अर्ज दिला, कोल्हापूर मार्गावर घ्यावे. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “पाठ?”

“बरी झाली, साहेब. आणि त्या सत्काराचंही एक सांगायचंय, बसू का?” मी बसलो आणि सांगितलं. त्यांनी अर्जावर चाचणीची अट लिहिली आणि सही केली. डोळ्यांची तपासणी, चाचणीची फेरी, सगळं रीतसर झालं आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मला कोल्हापूरची गाडी मिळाली. दळवी मॅडमनी स्वतःहून त्या गाडीवर नाव घातलं होतं.

जाताना चढ, त्याचं काही वाटलं नाही. परतताना दुपारी दोनला गगनबावड्याहून निघालो. गाडी भरलेली होती. पहिलं वळण, दुसरं वळण. खाली सगळं कोकण पसरलेलं, उन्हात धुरकट. त्या कठड्याचं वळण आलं. दगड नवा बसवलेला होता, रंग वेगळा होता, म्हणून ओळखता आलं. समोरून एक ट्रक वर येत होता, स्वतःच्या बाजूनं, शहाण्यासारखा. भीती वाटली. वाटायचीच होती. मी गिअर खाली घेतला, हातांनी स्टिअरिंग धरलं आणि डोळे उघडे ठेवून गाडी त्या वळणातून अलगद खाली नेली.

घाट संपला, रस्ता सरळ झाला. दळवी मॅडम केबिनपाशी येऊन दांड्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्या घाटाचं काही बोलतील.

“जरा हॉर्न वाजवा,” त्या म्हणाल्या. “वैभववाडी आली. उतरणारी माणसं आहेत, आणि मागे सगळी झोपलीत.”